तिसऱ्या मशीनला वाफ

गेल्या सहा महिन्यांत कप्तानानं मीटरताईला एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं. त्याआधीची आठ वर्षं 'काय गं पोरी' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. आता सगळं 'होय मॅडम', 'नाही मॅडम', 'तुमची मर्जी मॅडम'. कागद गिरणीच्या बॉयलरघरात एवढा गोंगाट असायचा की शेजारी उभं राहून शिवी दिली तरी ऐकू येऊ नये. पण तो 'मॅडम' तिला नेमका ऐकू यायचा आणि दिवसभर सलत राहायचा.

तिला मीटरताई म्हणत, कारण गिरणीतला प्रत्येक काटा, प्रत्येक आकडा, प्रत्येक प्रोब तिच्या ताब्यात होता. त्याला कप्तान म्हणत, कारण पाय फाकवून, हात मागे बांधून तो बॉयलरसमोर असा उभा राहायचा की जणू समोर समुद्र आहे. एकतीस वर्षं तो बॉयलर चालवत होता. समुद्र त्यानं कॅलेंडरवर पाहिला होता.

दोघांत बिनसलं ते ट्रिमवरून. बर्नरमध्ये तेल जळायला हवा लागते. हवा कमी पडली की काळा धूर होतो, जास्त झाली की ती जादाची हवा फुकट तापवून चिमणीतून बाहेर सोडावी लागते. म्हणून चिमणीच्या बुडाशी एक प्रोब बसवतात. तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो, आणि त्या आकड्यावर नजर ठेवून एक कंट्रोलर डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, किंचित उघडतो, किंचित मिटतो. याच किंचित उघडमिटीला ट्रिम म्हणतात.

सहा महिन्यांपूर्वी बर्नर कंपनीचा इंजिनियर आला, ट्रिम बसवून, त्यात आकडे भरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरताईनं ट्रिम ऑटोवर टाकला. तासाभरात चिमणीतून असा धूर निघाला की पलीकडच्या वस्तीतले वाळत घातलेले कपडे काळे ठिक्कर झाले. कप्तान पाळीवर होता. त्यानं धावत जाऊन हातानं डॅम्पर उघडला, ट्रिम बंद केला, धूर थांबला. मग चौकशी झाली. कंपनीच्या इंजिनियरनं ठासून सांगितलं की सेटिंग बरोबर होतं, ऑपरेटरनं डॅम्परला हात लावला म्हणून गडबड झाली. अहवालावर तिघांनी सह्या करायच्या होत्या. मॅनेजर साहेबांना घाई होती. मीटरताईला मनातून पटत नव्हतं, पण धुराचं कारण तिलाही सांगता येईना. तिसरी सही तिची होती.

कप्तानाला एकतीस वर्षांत पहिल्यांदा लेखी ताकीद मिळाली. त्यानं ती घडी करून खिशात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून तो 'मॅडम' म्हणू लागला.

ट्रिम तेव्हापासून बंद होता. धूर पुन्हा होऊ नये म्हणून कप्तान हवा सढळ हातानं सोडायचा. चिमणी स्वच्छ राहिली, पण बर्नरला हवा देणाऱ्या पंख्याची सगळी ताकद जादाची हवा ढकलण्यातच जाऊ लागली. तेल वाढवायला जागाच उरली नाही. गिरणीत कागदाच्या तीन मशीन होत्या. दोन चालल्या की वाफेचा दाब कसाबसा दहावर टिकायचा, तिसरी सुरू केली की धाडकन सातवर यायचा. म्हणून तिसऱ्या मशीनची माणसं सहा महिने आळीपाळीनं बसून होती.

अशात एका सोमवारी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचा इंजिनियर, ज्याला सगळे पाठीमागे 'पाहुणा' म्हणत, आधीच येऊन बसला होता.

"बर्नर बदलायचा," साहेब म्हणाले. "यांचं म्हणणं आहे की हा बर्नर तीन मशीनना पुरणार नाही. सहा आठवडे बॉयलर बंद ठेवावा लागेल. शुक्रवारी मी वरच्यांना कळवून टाकतो."

"सहा आठवडे सगळी गिरणी बंद?" मीटरताईनं विचारलं.

"मग काय करायचं सांगा."

कप्तान भिंतीकडे बघत उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्यानंही तोंड उघडलं नाही.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," मीटरताई म्हणाली. आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "बर्नर कमी पडत नाहीये, साहेब. त्याला हवा नीट मिळत नाहीये. ट्रिम नीट लागला तर तिन्ही मशीन चालतील."

पाहुणा हसला. वाईट हसला नाही, कीव आल्यासारखा हसला. "ताई, ट्रिम आम्ही लावून बघितलाय. काय झालं ते तुमच्यासमोरच झालं."

"म्हणूनच म्हणते."

साहेबांनी कपाळ चोळलं. "गुरुवार दुपारपर्यंत. पण एकदा जरी धूर दिसला तरी तिथल्या तिथे बंद."

बाहेर पडताना तिनं कप्तानाला विचारलं, "तुम्ही असाल ना माझ्याबरोबर?"

"ड्यूटी आहे तोवर आहे, मॅडम," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चहात साखर घालायची राहिली. सासूबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. त्या अडतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, शेवटची दहा वर्षं मेट्रन. माणसाचा चेहरा बघून ताप ओळखायची सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"काय झालंय गं?"

"काही नाही, आई. कामाचं आहे."

"कामाचं असतं तेव्हा तू बडबडतेस. आज गप्प आहेस."

मग तिनं सगळं सांगितलं. ट्रिम, धूर, अहवाल, ताकीद. सही करताना काय वाटलं तेही सांगितलं. हे तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "वॉर्डात चार्टवर एखादीकडून चुकीचं लिहिलं गेलं, तर आम्ही ते खोडू द्यायचो नाही. पानही फाडू द्यायचो नाही. चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी खरं काय ते लिहायचं, तारीख घालायची, पुन्हा सही करायची. लाजेनं मेल्यासारखं होतं. पण पेशंट मरत नाही."

"पण खरं कारण मला अजून माहीतच नाही."

"मग तेवढंच लिही, माहीत नाही म्हणून. ते तरी खरं आहे ना?" त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "आणि साखर आण आधी."

मंगळवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळी मीटरताई बॉयलरघरात आली. हातात अहवालाची फाईल होती, साहेबांच्या कपाटातून मागून आणलेली. साहेब म्हणालेही होते, "आता ऐन वेळी हे काय काढलंत?" ती एवढंच म्हणाली होती, "ऐन वेळ गेल्यावर काढून काय उपयोग?"

सुटलेली पाळी आणि आलेली पाळी मिळून दहा-अकरा माणसं होती. तिनं फाईल टेबलावर उघडली, 'ऑपरेटरच्या चुकीमुळे' या ओळीवर सगळ्यांदेखत रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : 'कारण सापडलेले नाही. ट्रिम मी ऑटोवर टाकला होता. धूर आधी झाला, ऑपरेटरने डॅम्परला हात नंतर लावला आणि त्यामुळेच धूर थांबला.' तारीख घातली, सही केली.

"हे मला तेव्हाच लिहायला हवं होतं," ती मोठ्यानं म्हणाली, कारण बॉयलरघरात हळू बोलून भागत नाही. "कप्तान, चूक माझी आहे. तुमची माफी मागते."

 पंखा घोंघावत होता. कप्तानानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, ओळ दोनदा वाचली.

"बरं," तो म्हणाला. आणि फाईल मिटवून, "कुठून सुरू करायचं, मॅडम?"

'मॅडम' अजून होतंच. पण निदान त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.

तिनं उचलून नेता येणारा, ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर आणला होता. सुटकेसएवढी पेटी, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला पोलादी सळई. ती चिमणीच्या बुडाशी, ट्रिमच्या प्रोबशेजारच्या भोकात घातली. ॲनालायझर म्हणाला, ऑक्सिजन नऊ पूर्णांक सहा टक्के. पॅनेलवरही नऊ पूर्णांक सहाच होतं.

"म्हणजे प्रोब खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

मग तीच सळई तिनं बॉयलरच्या तोंडाशी, धूर जिथून बाहेर पडतो तिथल्या भोकात घातली. दोन्ही जागांमध्ये बारा-तेरा फुटांचं पत्र्याचं धुराडं, बस्स. आकडा हळूहळू उतरला आणि सात पूर्णांक आठवर थांबला. तिनं नळी झटकली, पुन्हा मोजलं. सात पूर्णांक आठ.

कप्तान तिच्या खांद्यावरून बघत होता. "तोच धूर आणि दोन आकडे?"

"तोच धूर. वाटेत ऑक्सिजन वाढलाय. धुरात ऑक्सिजन आपोआप तयार होत नाही, कप्तान. कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतेय."

भोक शोधायचं कसं, हा प्रश्न होता. धुराड्याभोवती जाड काचलोकरीचं वेष्टण आणि वर पत्रा. तिनं जरा विचार केला आणि पहिल्या मशीनवरून पातळ टिश्यू कागदाची एक पट्टी फाडून आणायला सांगितलं. कागदाच्या गिरणीत कागदाला काय तोटा! बोटभर रुंद, हातभर लांब ती पट्टी चिमटीत धरून ती शिडीवर चढली आणि वेष्टणाच्या फटीफटीवरून फिरवू लागली. पट्टी लोंबत राहिली, वाफेच्या झुळकीनं हलली, पुन्हा लोंबली. चिमणीच्या जोडापाशी आली आणि एकदम ताठ झाली. जणू आतून कुणी तिचं टोक दातात धरलं होतं.

"अरे!" कप्तान ओरडला.

मीटरताईनं बोटं सैल सोडली. पट्टी सुर्रकन फटीत गेली आणि दिसेनाशी झाली.

वेष्टण उचकटल्यावर सगळं उघड झालं. दोन पत्र्यांच्या जोडात हवा अडवायला घातलेलं गॅस्केट जळून कोळसा झालं होतं आणि अर्ध्या घेराला करंगळी जाईल एवढी फट होती. चिमणी वर ओढत असते, त्या ओढीनं बाहेरची हवा आत शिरत होती, तीही बरोबर प्रोबच्या तोंडासमोर.

ती तिथेच शिडीच्या पायरीवर बसली आणि पेनानं तळहातावर हिशेब केला. सहा महिन्यांपूर्वी ट्रिमला सांगितलं होतं, ऑक्सिजन चारवर ठेव. त्या बिचाऱ्यानं इमानेइतबारे चार ठेवला. पण त्यातला बराचसा फटीतून आलेला होता. ज्वाळेपाशी खरा ऑक्सिजन होता जेमतेम सव्वा. तेलाला श्वास घ्यायला हवाच नव्हती. धूर होणार नाही तर काय!

तिनं तळहात कप्तानाला दाखवला. त्यानं आकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी मी डॅम्पर उघडला नसता तर?"

"तर वस्तीतले कपडेच नाही, माणसंही काळी झाली असती."

कप्तान हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या.

बुधवारी सकाळी पहिल्या मशीनवरचं कागद वाहून नेणारं कापड बदलायचं होतं, तेवढे तीन तास साहेबांनी बॉयलर बंद ठेवू दिला. फिटरनं नवं गॅस्केट घातलं, बोल्ट आवळले, वेष्टण पुन्हा चढवलं. बॉयलर पेटल्यावर दोन्ही जागांचे आकडे एकमेकांना मिळाले. मीटरताईचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, आता सोपं आहे.

सोपं नव्हतं. ट्रिम लावायच्या आधी पाया घालावा लागतो. मंद आचेपासून मोठ्या आचेपर्यंत सात टप्पे ठरवायचे आणि प्रत्येक टप्प्याला तेलाबरोबर हवा किती, ते ॲनालायझर बघून पक्कं करायचं. ट्रिमनं नंतर फक्त बारीकसारीक फरक मिटवायचा. कप्तान पॅनेलशी उभा राहून आच वाढवत होता, ती डॅम्पर जुळवून आकडा लिहीत होती. वर जाताना सगळं सुरेख जमलं. चौथ्या टप्प्याला ऑक्सिजन चार पूर्णांक एक. मग ताळा घ्यायला आच उतरवत खाली आले, तर चौथ्या टप्प्यालाच पाच पूर्णांक तीन.

पुन्हा वर. चार पूर्णांक एक. पुन्हा खाली. पाच पूर्णांक तीन.

तिनं ॲनालायझर बदलून पाहिला, नळ्या फुंकून पाहिल्या, तेलाचा दाब तपासला. दुपार झाली. डबा तसाच राहिला. पाहुणा एक चक्कर मारून गेला आणि जाताना म्हणाला, "जुना बर्नर आहे, ताई. किती दिवस ओढणार?"

तो गेल्यावर तिनं वही टेबलावर आपटली. "तोच टप्पा, तेच तेल, तोच डॅम्पर! चढताना एक आणि उतरताना दुसरंच! माझं डोकं फिरायची वेळ आलीय!"

कप्तान मागे हात बांधून उभा होता. त्यानं पंख्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"डॅम्पर तोच नाहीये."

"म्हणजे?"

"डॅम्परची मोटर म्हणते तोच. पान तिथे नसतं." तो पुढे झाला आणि पंख्यापाशी गुडघ्यावर बसला. डॅम्परची जोडदांडी त्यानं हातात धरली, वर ढकलली, खाली ओढली. दांडी खट् करून दोन बोटं मोकळीच हलली. आतलं झडपेचं पान जागचं हललंसुद्धा नाही. "ही पिन झिजलीय. चढताना दांडी एका बाजूनं ढकलते, उतरताना दुसऱ्या बाजूनं ओढते. मधली दोन बोटं वाया. मी हातानं चालवताना तेवढं धरूनच चालवतो."

मीटरताई वाकून बघत राहिली. "कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"लॉगबुकात तीन वेळा लिहिलंय. लॉगबुक वाचतो कोण? आणि सोमवारी त्या केबिनीत तासभर उभा होतो, मला कुणी एक शब्द विचारला का? तुम्ही तिघं बर्नरचं बारसं करत होतात. मी म्हटलं, मरू दे." त्याचा आवाज चढला होता. मग एकदम उतरला. "आज सकाळपासून सांगणार होतो. तोंड उघडत नव्हतं. सहा महिने बंद होतं ना, गंज चढला त्याला."

तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदमच आल्यानं तिनं तोंड फिरवून नाक पुसलं.

"अगं, रडतेस काय अशी?" कप्तान गडबडून म्हणाला. "पिन आहे ती, मेलेलं माणूस नाही. उठ, वर्कशॉपमध्ये जाऊ. तो लेथवाला पाच वाजले की पळतो."

ती उठली. तो काय बोलून गेला ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं, पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही, पुन्हा 'मॅडम' झाला तर काय घ्या!

लेथवाल्याकडून त्यांनी नवी पिन आणि ती ज्यात बसते तो पितळी बुश कातून घेतला. कप्तानानं तो स्वतः बसवला, दांडी हलवून पाहिली आणि एकदाच मान डोलावली. संध्याकाळच्या आत साती टप्पे चढताना आणि उतरताना सारखे आले.

गुरुवारी सकाळी उरला होता तो ट्रिम. पाहुण्यानं भरलेले आकडे तिनं पॅनेलवर काढले. त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या. ऑक्सिजन चुकला तर दुरुस्तीचा झटका किती मोठा द्यायचा आणि दुसरा झटका द्यायच्या आधी किती धीर धरायचा. पाहुण्यानं मंद आचेला आणि मोठ्या आचेला एकच धीर दिला होता.

"स्टॉपवॉच आहे?" तिनं विचारलं.

कप्तानानं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं.

मोठ्या आचेवर तिनं डॅम्पर केसभर हलवला आणि सेकंद मोजले. नवव्या सेकंदाला पॅनेलवरचा आकडा हलला. मग मंद आचेवर तेच केलं. दहा झाले, वीस झाले. कप्तान म्हणाला, "बंद पडलं वाटतं." एकतिसाव्या सेकंदाला आकडा हलला.

"मंद आचेला धूर रमतगमत चालतो," ती म्हणाली. "प्रोबपर्यंत बातमी पोचायला अर्धा मिनिट. ट्रिमला वाटतं, आपण हवा दिली तरी काही झालंच नाही, म्हणून तो आणखी देतो. मग सगळी बातमी एकदम येते, तो घाबरतो आणि उलटा पळतो."

"नव्या घरातल्या अंघोळीच्या नळासारखं," कप्तान म्हणाला. "गरम पाणी येत नाही म्हणून पिळत बसतो, मग एकदम पाठ भाजते."

"अगदी तस्संच!"

तिनं मोठ्या आचेला थोडा धीर दिला, मंद आचेला तिप्पट. झटके लहान केले. डॅम्परला ट्रिमनं जास्तीत जास्त किती हलवायचं याला कुंपण घातलं. आणि एक गोष्ट कप्तानाच्या सांगण्यावरून घातली. तो म्हणाला होता, "एखाद्या मशीनचा कागद तुटला की वाफेची मागणी मिनिटभरात कोसळते. तेव्हा मी डॅम्परला हात लावत नाही. गोंधळ निवळला की मगच बघतो." तिनं ट्रिमलाही तेच शिकवलं. आच झपाट्यानं बदलत असेल तर गप्प बसायचं.

दुपारी दोन वाजता साहेब आणि पाहुणा आले. तिसऱ्या मशीनच्या मुकादम बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सहा महिने बसून त्यांच्या हातापायांना मुंग्या आल्या होत्या. दोन मशीन चालू होत्या, दाब दहावर होता.

"टाकू ऑटोवर?" मीटरताईनं विचारलं.

"मला काय विचारतेस? टाक," कप्तान म्हणाला.

तिनं बटण दाबलं. पॅनेलवर ऑक्सिजन सहावरून सरकू लागला. पाच. साडेचार. एक क्षण चारच्या खाली डोकावला आणि चारवर येऊन बसला. बर्नरच्या काचेतून दिसणारी फिक्कट ज्वाळा भरली, सोनेरी झाली. साहेबांनी दारातून चिमणीकडे पाहिलं. वर फक्त आभाळ होतं.

"तिसरी सुरू करा," मीटरताई म्हणाली.

मुकादम बाई पळत गेल्या. जरा वेळानं जमिनीतून नेहमीपेक्षा वेगळी थरथर आली. वाफेचा काटा हलला. नऊ पूर्णांक आठ. साडेनऊ. सव्वानऊ. पाहुण्यानं हातांची घडी घातली. बर्नर गरजला. पंखा तेवढीच हवा देत होता, पण आता त्याच हवेत सव्वापट तेल जळत होतं. काटा सव्वानऊवर थांबला, तिथेच थरथरला आणि मुंगीच्या पावलांनी वर चढू लागला. साडेनऊ. पावणेदहा. दहा.

दहा!

साहेबांनी काचेवर टिचकी मारून पाहिली, काटा अडकला तर नाही ना म्हणून.

तेवढ्यात दुसऱ्या मशीनचा भोंगा वाजला. ठरवलेलं नव्हतं, खरोखरच कागद तुटला होता. वाफेची मागणी कोसळली, काटा उसळला, बर्नरची गर्जना खाली खाली येत गेली. आच अशी कोसळताना ट्रिम बिथरला, तर पुन्हा धूर होणार होता.  कप्तानाचा हात सवयीनं डॅम्परच्या स्विचकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग त्यानं तो हात पॅंटच्या खिशात कोंबला आणि खिशातच मूठ आवळून धरली.

ऑक्सिजन साडेपाचवर गेला, सहावर गेला. ट्रिम गप्प होता. आच स्थिरावली. आणखी वीस सेकंद तो गप्पच राहिला, मग एक लहानसा झटका. थांबला. आणखी एक. आकडा ठरलेल्या जागी आला आणि मांडी घालून बसला. ना पुढे, ना मागे.

"चिमणी!" साहेब ओरडले.

सगळे दाराकडे धावले. चिमणीच्या टोकावर गरम हवेची झिळमिळ तेवढी दिसत होती. धुराचा डाग नावालाही नव्हता.

आधी कुणी टाळी वाजवली ते कळलं नाही. पण मग फिटर, लेथवाला, दोन्ही पाळ्यांची माणसं, सगळ्यांनी असा कल्ला केला की पंख्याचा आवाज बुडाला. पाहुणा पॅनेलपाशी गेला आणि नवे आकडे बघत राहिला. मग खिशातून वही काढली.

"मंद आचेला एकतीस सेकंद?" त्यानं विचारलं. "मी मोजलंच नव्हतं. उतरवून घेऊ का?"

"घ्या की," मीटरताई म्हणाली. "आणि डॅम्परच्या पिनेचं यांना विचारा. ते यांनी शोधलंय."

पाहुण्यानं वही कप्तानापुढे धरली. कप्तान पाय फाकवून, हात मागे बांधून उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द तोलून सांगू लागला.

साहेबांनी शुक्रवारची वाट पाहिली नाही. तिथल्या तिथे फोन लावून वरच्यांना सांगितलं की बर्नर बदलायचा नाही, गिरणी बंद ठेवायची नाही. फोन ठेवल्यावर कप्तानासमोर येऊन जरा अवघडून म्हणाले, "ती ताकीद मी आजच्या तारखेनं रद्द करतोय. चारचौघांत सांगतोय, कारण दिली चारचौघांत होती."

"लेखी द्या," कप्तान म्हणाला. "दिली लेखी होती."

साहेबही हसले.

मुकादम बाई तेवढ्यात धापा टाकत परत आल्या. "किती वेळ चालवू हो मशीन? म्हणजे कधी बंद करायची?"

"करूच नका," मीटरताई म्हणाली.

"करूच नको?" बाईंना खरं वाटेना. मग त्यांनी मीटरताईचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढतच अंगणापलीकडे तिसऱ्या मशीनच्या शेडमध्ये नेलं. मीटरताई इथे यायची ती काटे तपासायला तेवढीच. वाफेनं तापलेली पोलादी पिंपं एकामागून एक फिरत होती आणि त्यांच्यावरून पांढरा कागद न थांबता वाहत होता. पलीकडच्या टोकाला त्याची गुंडाळी भरत चालली होती आणि भोवती दहा-बारा माणसं आपापल्या जागी लगबगीत होती.

"हात लावा," बाई ओरडल्या.

गुंडाळीवरून उतरवलेल्या तावावर तिनं तळवा ठेवला. कागद कोरडा होता आणि नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा ऊबदार.

"कसा झालाय?" बाईंनी विचारलं.

मीटरताईला कागदातलं काही कळत नव्हतं. पण ती मोकळेपणानं हसली आणि त्या गोंगाटात जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "झकास!"